चेहरा छापला, रान पुसलं



इकडं उसाच्या फडात बिबट्या बसलाय आणि हा गडी अमेरिकेतल्या चित्रांवर लिहायला बसला, असं तुमच्यातलं कुणीतरी म्हणणारच. म्हणा. मी दोन्हींवर लिहिणार आहे.

गेल्या पावसाळ्यात पुण्याहून एक मित्र निमगाव साव्याला आला होता. आपल्याच वस्तीत वाढलेला, पुढं चित्रकला शिकलेला. पिशवीतून एक जाडजूड पुस्तक काढून त्यानं आमच्या ओट्यावर उघडलं. अँडी वॉरहॉल या अमेरिकन चित्रकाराची दहा चित्रं. सगळी जनावरांची. हत्ती, वाघ, गेंडा, पांडा. रंग असे की रानात जन्मात दिसणार नाहीत. आई बाजरी निवडत बसली होती. तिनं सूप बाजूला ठेवलं, वाघाकडं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "चांगलाय. पण ह्यो बसलाय कुठं? ह्याच्या बुडाखाली काहीच नाय."

मित्र हसला. म्हणाला, "मावशी, हे पॉप आर्ट आहे."

आईला पॉप आर्ट कळलं नाही. मला मात्र तिच्या प्रश्नानं सोडलं नाही. हा लेख त्या प्रश्नापायी आहे.

आधी माल नीट बघू. न बघता शिव्या घालायचं काम प्रस्थापित समीक्षकांनी आपल्या कवितांच्या बाबतीत पुष्कळ केलंय. आपण ते करायचं नाही.

१९८३ साली न्यूयॉर्कचे गॅलरीवाले रोनाल्ड आणि फ्रेडा फेल्डमन यांनी वॉरहॉलकडून हा संच करून घेतला. नाव 'एन्डेंजर्ड स्पीशीज', म्हणजे नामशेष होऊ घातलेल्या जाती. आफ्रिकन हत्ती, काळा गेंडा, सैबेरियन वाघ, पांडा, ओरांगउटान, ग्रेव्हीचा झेब्रा, मोठ्या शिंगांचा रानमेंढा, टकला गरुड, पाइन बॅरन्सचा झाडावरचा बेडूक आणि सॅन फ्रान्सिस्कोचं सिल्व्हरस्पॉट फुलपाखरू. प्रत्येक चित्र ३८ इंच बाय ३८ इंच. प्रत्येकाच्या १५० प्रती. सगळं काम स्क्रीन प्रिंटिंगचं.

वॉरहॉल काही सरदाराच्या घरचा नव्हता. आईबाप आजच्या स्लोव्हाकियातल्या खेड्यातून पोटासाठी अमेरिकेत गेलेले, बाप मजुरी करणारा. पोरगा पिट्सबर्गमध्ये वाढला, न्यूयॉर्कला जाऊन जाहिरातींची चित्रं काढू लागला. १९६२ साली त्यानं सूपचे डबे रंगवले, मेरिलिन मन्रोचा चेहरा छापला. १९७२ साली माओ छापला. रीत साधी. एक तयार फोटो घ्यायचा, तो पडद्यावर चढवायचा, खाली-वर भडक रंगाचे थर द्यायचे. बाजारात जे आधीच हजारदा छापलंय तेच पुन्हा छापायचं आणि म्हणायचं, ही कला. जनावरांना त्यानं हीच वागणूक दिली. मेकअप केलेली जनावरं, असं तो स्वतःच त्यांना म्हणाल्याचं सांगतात. खरंच आहे ते. त्या वाघाच्या तोंडाला नटीसारखा रंग आहे.

आता माझ्या धंद्याची गोष्ट. नारायणगावात एका स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडं मी चार वर्षं काम केलं. लग्नपत्रिका, पिशव्या, जयंतीचे कापडी फलक. फ्लेक्स आला आणि ते काम गेलं. त्यामुळं मला वॉरहॉलच्या हाताखालचं काम लगेच कळतं. चौकटीवर बारीक जाळीचं कापड ताणायचं. जिथं रंग नको तिथली जाळी बुजवायची. मग रबराच्या पट्टीनं रंग ओढायचा. जाळी उघडी असेल तिथून रंग कागदावर उतरतो, बुजवलेली असेल तिथं कागद कोरा.

आणि तुमच्या हातातलं हे पान कसं निघतं? मेणाच्या स्टेन्सिलवर टोकदार लेखणी किंवा टाइपची खूण पडते, तिथलं मेण निघतं, तिथून शाई उतरते. सायक्लोस्टाइल आणि वॉरहॉलची स्क्रीन ही सख्खी भावंडं. एकाच गोष्टीवर दोघांचं काम चालतं: काय उघडं ठेवायचं आणि काय बुजवायचं. फरक एवढाच की त्याच्या १५० प्रतींचा पूर्ण संच आज लिलावात कोट्यवधी रुपयांना जातो आणि आपल्या अंकाची प्रत चहाच्या पैशात देऊनही उरते.

तर सवाल असा, की वॉरहॉलनं काय उघडं ठेवलं आणि काय बुजवलं?

उघडं काय ठेवलं, ते आधी. त्याचं श्रेय मी देणार. या दहांत हत्ती आहे आणि बेडूक आहे. बेडूक केवढा? दोन इंचसुद्धा नाही. फुलपाखरू तळहातावर मावेल. पण कागद सगळ्यांना सारखाच, ३८ बाय ३८. हत्तीला जेवढी भिंत तेवढीच बेडकाला. हे मला आवडलं. 'एक माणूस, एक मूल्य' ऐकत वाढलेल्या माणसाला हे आवडणारच. आपल्याकडं वाघाचं राष्ट्रीय कौतुक होतं आणि बेडूक पायाखाली जातो. वॉरहॉलनं निदान कागदावर तरी ही उतरंड मोडली.

पण दहाजण निवडले कसे? गरुड घेतला, अमेरिकेच्या राजमुद्रेवरचा पक्षी. त्याच काळात अमेरिकेत दुसरा एक पक्षी मरणाच्या दारात होता, कॅलिफोर्नियाचा कंडोर. १९८२ साली अख्ख्या जगात २२ उरले होते, २२! एवढ्या टोकाला पोचलेला पक्षी, पण या दहांत त्याला जागा नाही. कंडोर दिसतो कसा? डोक्यावर पिसं नाहीत, मान उघडी, आणि खातो मेलेली जनावरं. म्हणजे अमेरिकेचं गिधाडच. त्याला का घेतलं नाही, ते वॉरहॉलच्या मनातलं मला माहीत नाही. पण भिंतीवर टांगायला लोकांना काय आवडतं ते मला दुकानात बसून कळलंय.

गिधाडाचं आपल्याला वेगळं सांगायला नको. आमचा आजा मेलेली ढोरं ओढायचा. गावकीचं काम. तो सांगायचा, बैल मेला की गावाच्या आधी गिधाडांना कळायचं आणि गिधाडांच्या मागोमाग आम्हाला. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेलं मांस सोडा म्हणून सांगितलं. आपण सोडलं. गिधाड बिचारं कुठं सोडणार? जनावरांना दुखण्यावर डायक्लोफेनॅक टोचायला लागले, ते मेलेल्या ढोराच्या मांसात राहिलं, गिधाडांची मूत्रपिंडं गेली. पांढऱ्या पाठीचं गिधाड १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत ९९ टक्क्यांहून जास्त घटलं. २००६ साली ते औषध जनावरांसाठी बंद झालं. गावातली घाण साफ करणारा गावातून नाहीसा झाला आणि त्याचं कुणी पोस्टर काढलं नाही. सफाई करणाऱ्याचा चेहरा छापायची रीत नाही आपल्याकडं.

आता काय बुजवलं ते. इथं आईचा प्रश्न येतो.

या दहाही चित्रांत जमीन नावाची गोष्ट नाही. हत्तीमागं कुरण नाही, हस्तिदंताचा व्यापारी नाही. ओरांगउटानमागं पडणारं झाड नाही, ते पाडणारा कंत्राटदार नाही, त्याच्याकडं रोजावर राबणारा मजूर नाही. मागं सपाट रंग. जाळी तिथं बुजवून टाकलेली. जनावर मरायला लागलंय एवढं संचाच्या नावावरून कळतं. कुणामुळं, ते चित्रातून कळत नाही. मारणारा नाही, मरण आहे. खैरलांजीच्या बातमीत पहिल्यांदा असंच छापून आलं होतं ना, 'घटना घडली' म्हणून? तसं.

मित्र म्हणाला, "कलेनं पंचनामा करायचा का? लोकांचं लक्ष गेलं, बस झालं." ठीक. त्या दहांतल्याच गरुडाचं उदाहरण घेऊ. तो वाचला. २००७ साली अमेरिकेनं त्याला यादीतून काढला. पण का वाचला? शेतात फवारलेलं डीडीटी पाण्यात, माशांत आणि माशांतून गरुडाच्या पोटात जायचं. अंड्याचं कवच इतकं पातळ व्हायचं की आई बसली की फुटायचं. रेचेल कार्सन या बाईनं १९६२ साली पुस्तक लिहून हे विष लोकांपुढं मांडलं. कंपन्या तिच्यावर तुटून पडल्या. १९७२ साली अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली. चित्र निघालं त्याच्या ११ वर्षं आधी. गरुडाला वाचवणारा माणूस गरुडाच्या चेहऱ्याकडं बघत बसला नव्हता. तो त्याच्या बुडाखाली बघत होता.

आता घरी या. निमगाव सावा जुन्नर तालुक्याच्या पूर्वेला. आमच्या आज्याच्या वेळी इकडं बाजरी, मटकी, हुलगा. मग कुकडी प्रकल्प आला. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे अशी धरणं झाली, कालव्यानं पाणी फिरलं, ऊस उभा राहिला. माणूसभर उंच, दाट, वर्षभर गार. कुत्री, शेळ्या, डुकरं आसपास. बिबट्याला आणखी काय पाहिजे? मादी फडात वीत गेली. त्या पिल्लांनी डोंगर पाहिलाच नाही. त्यांचं रान म्हणजे ऊसच.

हे ध्यानात न घेता काय झालं ते बघा. २००१ ते २००३ या काळात इकडचे बिबटे पिंजऱ्यात धरून सरासरी चाळीसेक किलोमीटर लांबच्या जंगलात सोडले गेले. हेतू वाईट नव्हता. बिबट्या जंगलचा, जंगलात नेऊन सोडा. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास करून २०११ साली आकडे मांडले. आधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले व्हायचे. बिबटे उचलून सोडायला लागल्यावर ते १७ झाले, आणि त्यांतल्या मरणाचं प्रमाण दुप्पट झालं. अनोळखी जागी, बावचळलेलं जनावर.

मला तर हे वाचून वॉरहॉलच आठवला. त्यानं जनावर फोटोतून कापलं आणि कोऱ्या रंगावर ठेवलं. इकडं ते उसातून कापलं आणि नकाशावरच्या हिरव्या रंगावर ठेवलं. दोघांचा समज एकच: जनावर म्हणजे त्याचा चेहरा आणि कातडं, जमीन कुठलीही चालेल. कागदावर ही चूक केली तर फार तर वाईट चित्र निघतं. जमिनीवर केली तेव्हा माणसं मेली.

आणि कुठली माणसं? फडाचा मालक रात्री स्लॅबच्या घरात दार लावून झोपतो. तो काही दुष्ट नाही, त्याची गायही जाते. पण रात्रीची वीज आली की पाणी द्यायला जातो तो गडी. बीड-नगरकडून आलेला कोयतेवाला उसाच्या कडेला पाचटाच्या कोपीत झोपतो, तिला दार नसतं. त्याची बाई पहाटे वाकून ऊस तोडते. वाकलेलं माणूस बिबट्याला चार पायांचं दिसतं. धनगराचं लेकरू मेंढरांच्या वाड्यापाशी उघड्यावर. ठाकराचं पोर भट्टीवर. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेड परिसरात तीनेक आठवड्यांत तिघं गेले, दोन लेकरं आणि एक म्हातारी. लोकांनी रस्ते अडवले. शेवटी तो बिबट्या गोळी घालून मारला. त्या दिवसांत तिथले लोक गळ्यात टोकदार खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जात होते. फोटो तुम्हीही पाहिला असेल. गळ्यात मडकं अडकवलेल्यांची आपण नातवंडं, आपल्याला तो बघवत नाही. हा पट्टा जात विचारत नाही, हे खरं. उघड्यावर कोण राबतं, एवढंच विचारतो. त्याचं उत्तर पुन्हा आपल्याच वस्त्यांपाशी येऊन थांबतं.

बिबट्याच्या विरोधात मी लिहीत नाही. हे नीट वाचा. २०१६ पासून जगाच्या यादीत तो धोक्यातली जात म्हणून आहे. तोही कालव्यानं आणि उसानं इथं आणून बसवलेलाच. शहरातला प्राणिप्रेमी म्हणतो, बिबट्या वाचवा. गावातला पुढारी म्हणतो, बिबट्या मारा. दोघांच्या तोंडी बिबट्याच. कोपीला दार लावा, दिवसा वीज द्या, ही मागणी पोस्टरवर येत नाही. तिला चेहरा नाही ना!

आता कुणी म्हणेल, बिचाऱ्या वॉरहॉलकडून फार मागतोस. चित्रकाराला जमीन दाखवता येत नसेल. येत होती! १९६३ च्या मे महिन्यात अलाबामा राज्यात, बर्मिंगहॅमला, काळे लोक हक्कासाठी रस्त्यावर आले. पोलिसांनी अंगावर कुत्री सोडली. चार्ल्स मूर या छायाचित्रकारानं ते टिपलं, 'लाइफ' साप्ताहिकात आलं. वॉरहॉलनं तेच फोटो घेऊन स्क्रीन प्रिंटिंगनं चित्रं केली. 'रेस रायट' नावानं ती ओळखली जातात. दंगल पोलिसांची आणि नाव पडलं वांशिक दंगलीचं, तो भाग वेगळा. पण चित्र बघा. जनावर तिथंही आहे. कुत्रा काळ्या माणसाची पँट फाडतोय. पट्टा पोलिसाच्या हातात आहे. पायाखाली रस्ता आहे, मागं बघे आहेत. कुत्रा कुणाचा, दात कुणाचे, मांडी कुणाची, सगळं उघडं. जाळी कुठंच बुजवलेली नाही. त्याच हातानं वीस वर्षांनी ही दहा चित्रं केली आणि पट्टा धरणारा हात गाळला. माझी तक्रार एवढीच आहे. न येणाऱ्यानं चूक केली तर शिकवावं. येत असून गाळलं तर विचारावं.

याच अलाबामातलं दुसरं जनावर आपल्या ओळखीचं आहे. लाउंड्स नावाचा जिल्हा. बहुसंख्य काळे, कापसाच्या शेतात राबणारे. १९६५ साल उजाडलं तेव्हा मतदारयादीत त्यांच्यातला एकही नव्हता. नाव नोंदवायला सुरुवात केली तशी जमीनमालकांनी कुळांना घराबाहेर काढलं. बायकापोरं तंबूत राहिली. आपल्याकडं याला बहिष्कार म्हणतात. त्यांनी स्वतःचा पक्ष काढला. पुष्कळांना वाचता येत नव्हतं, मतपत्रिकेवर पक्षाची खूण लागायची. त्यांनी खूण घेतली झेपावणाऱ्या काळ्या पँथरची. १९६६ च्या निवडणुकीत ते हरले. पण तो पँथर त्याच वर्षी कॅलिफोर्नियात ओकलंडला गेला, ब्लॅक पँथर पक्ष झाला, आणि १९७२ साली मुंबईत येऊन दलित पँथर झाला. नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांच्या पिढीनं तो इथं आणला. वन्यजीव संरक्षणाचा आपला कायदाही १९७२ चाच. एकाच वर्षी बिबट्याला कायदा मिळाला आणि बिबट्याचं नाव आपल्याला. हो, बिबट्याचंच. पँथर म्हणून काही वेगळी जात नसते. आपल्या मुलखात काळा पडलेला बिबट्या म्हणजेच पँथर.

मतपत्रिकेवरचा तो पँथर बघा. अंगठ्याएवढा, काळ्या शाईचा, एकरंगी. मेकअप नाही. त्याच्या बुडाखाली काय होतं? कापसाचं शेत, तंबू, हाकललेली कुळं, पहिल्यांदा मत द्यायला आलेली म्हातारी. सगळी जमीन त्याच्या पायाखाली होती. त्यामुळंच तो समुद्र ओलांडून आला.

आणि आता आपली पाळी. चौदा एप्रिलच्या फलकावर आपणही पँथर छापतो. संगणकावरून उतरवलेला, डोळे हिरवे, मागं निळ्या-जांभळ्या ज्वाळा. बाबासाहेबही तसेच, कोट-टाय, चष्मा, मागं सपाट निळं आभाळ. मी स्वतः असे शेकडो छापलेत, पोट भरलंय त्यावर. पण महाडचं तळं कुठं गेलं? खोतीविरुद्ध विधिमंडळावर नेलेला शेतकऱ्यांचा मोर्चा कुठं गेला? महार वतन, गायरान, मजुरांचे कायदे? जाळी तिथं आपणच बुजवली. ज्यांचा चेहरा भिंतीवर येऊ दिला जात नव्हता त्यांचा चेहरा लावणं हा एकेकाळी लढा होता. आजही काही गावांत आहे, फलक लावला म्हणून डोकी फुटतात. तिथं लावाच. पण जिथं लावणं सोपं झालंय तिथं नुसता चेहरा लावून घरी जाणं म्हणजे मेकअप. वॉरहॉलला विचारलेला प्रश्न आपल्यालाही लागू.

म्हणून एक सुचवतो. येत्या हंगामात ऊसतोड सुरू होण्याआधी निमगाव सावा आणि आजूबाजूच्या वस्त्यांवर आपण एक पत्रक काढू. सायक्लोस्टाइलवरच. वर बिबट्या काढू, आपल्या मित्राकडून, चांगला काढेल तो. पण त्याच्या बुडाखाली फड काढायचा. फडाशेजारी बिनदाराची कोपी, रात्री पाणी धरणारा गडी, कालवा. आणि मागण्या: कोपीला दार आणि दिवा, शेतीला दिवसा वीज, तोडीच्या मुलांसाठी कुंपणातली जागा. भिंतीवर टांगण्यासारखं ते होणार नाही. लोकांच्या हातात राहील.

पत्रक निघालं की पहिली प्रत मी आईला दाखवणार आहे. ती विचारेल तो प्रश्न मला माहीत आहे.

जय भीम.